पार्श्वभूमी : बिडीची ओढ आणि तेंदूच्या पानाची मालकी

बिडीच्या चवीचा विषय निघाला की बोलणं जर्द्यावरच, म्हणजे आतल्या तंबाखूवरच जातं. निपाणीचा किती, गुजरातेतल्या चरोतरचा किती, कडक की मध्यम, घशाला लागतो की नाही. मिश्रणाचं माप कारखानदार कुणाला सांगत नाहीत. पण हा जर्दा विदर्भात पिकत नाही. विदर्भाचं आहे ते पान, आणि बिडी कशी ओढली जाईल हे बरंचसं पानच ठरवतं.

तेंदूचं पान चिवट. सिगारेटच्या कागदातून जशी हवा आत जाते तशी यातून जात नाही. त्यामुळे बिडी नुसती बोटात धरली की विझते. पेटती ठेवायची तर सारखी आणि जोरात ओढावी लागते. जर्दा सिगारेटपेक्षा कमी असूनही निकोटिन आणि डांबर छातीत जास्त जातं, त्याचं मोठं कारण हेच. पान जून असलं तर शिरा जाड राहतात, वळताना फुगवटा येतो आणि बिडी एका अंगाने जळत जाते. वळणाऱ्या बाया पान भिजवतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, फर्मा (मापाचा साचा) ठेवून कातरतात आणि मागची शीर खरवडतात. एवढं करूनही वाईट पान वाईटच वळतं, आणि बिड्या तपासणाऱ्या चेकरच्या हाताखाली छाट पडली, म्हणजे बिड्या नापास झाल्या, की तो तोटा वळणारीचाच.

आधी गावात चिलीम होती. गुजरातेत आपट्याच्या पानाची बिडी वळायचे. 1899-1900 च्या दुष्काळानंतर तिकडून आलेल्या कुटुंबांनी गोंदिया-जबलपूर पट्ट्यात तेंदू हेरला, असं सांगितलं जातं. कारखाने, सट्टेदार (कारखान्यासाठी बिड्या वळवून घेणारे मध्यस्थ) आणि मांडीवर सूप घेऊन वळणं हा पुढचा भाग इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. 1951 ला मालगुजारी (इकडची जमीनदारी) संपेपर्यंत पान मालगुजाराकडून ठेक्याने जायचं, मग सरकारकडून जाऊ लागलं.

खरा पेच 1969 चा. त्या वर्षीच्या महाराष्ट्र राज्याच्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हातात घेतला. ठेकेदार लुबाडतात, म्हणून हे करतोय, असं कारण दिलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. पण ठेकेदार गेलाच नाही. जंगलाचे विक्रीसाठी घटक (तुकडे) पाडून हंगामाआधी निविदा निघू लागल्या. रॉयल्टी सरकारला, पान ठेकेदाराला, आणि पहाटे जंगलात शिरून दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्याला शेकड्यावर मजुरी. ज्याच्या गावचं जंगल तो मजूर ठरला. मजुरी पुड्यांच्या संख्येवर, म्हणून फळीवर, म्हणजे पान जमा करण्याच्या जागी, मुन्शी मोजायचा पुडे. पान कोवळं की जून याचा पैसा तोडणाऱ्याला मिळतच नव्हता. मग तो पान निवडत कशाला बसेल?

आदिवासी अनुसूचित भागांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मालकी ग्रामसभेची म्हटली. वनहक्क कायद्यात तेंदूपत्त्याचं नावच घातलेलं आहे. तरी गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी स्वतः पान विकायला 2013 उजाडलं. पेसा गावांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या: स्वतः विका, नाहीतर वन खात्याला विकायला सांगा. यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. ग्रामसभांचं पान भरड येतं, अशी व्यापाऱ्यांची तक्रार. त्यात थोडं तथ्य आहे, पण दोष लावला जातो भलत्याच ठिकाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली तर दीड महिन्यात नवं, एकसारखं पान फुटतं. सौदा मार्चअखेरपर्यंत लटकला की छाटणीचा खर्च कोणी उचलत नाही, किंवा छाटणीऐवजी जंगलात काडी टाकली जाते. सौदे बऱ्याचदा लटकतात ते व्यापारी भाव पाडण्यासाठी थांबून राहतात म्हणून. त्यात वाळत घातलेल्या पानावर अवकाळी पाऊस किंवा गारा पडल्या की डाग पडतात, आणि तेही ग्रामसभेच्याच नावावर टाकलं जातं.

2017 च्या हंगामात गडचिरोलीत बोली चढल्या, पुढच्या वर्षी धाडकन उतरल्या. मधल्या काळात जीएसटी आला होता: बिडीवर 28 टक्के, पानावर 18. खरेदीदारांनी कराकडे बोट दाखवलं. गावांनी त्यांच्या संगनमताकडे. 2025 मध्ये पानावरचा दर 5 टक्के आणि बिडीवरचा 18 करायचं ठरलं. हा फरक बोलीत उतरावा, हे आता जंगलाकाठच्या गावांनी मागायचं आहे, आणि त्यासाठी सौदा छाटणीच्या आधी व्हायला हवा. गडचिरोलीचं बरंचसं पान तेलंगणातले व्यापारी उचलतात, आणि गोंदियाकडे वळणाऱ्यांची संख्या घटते आहे. नव्या पोरींना हजार बिड्यांमागची मजुरी परवडत नाही.