कमान वाढवायची की कमानी?

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात लीफ स्प्रिंगला, म्हणजे गाडीचं वजन आणि धक्के झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्यांना, 'कमानी' म्हणतात. आपण घरी मराठीत त्याला 'पाटा' म्हणतो, आणि 'कमान' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पाट्याचा बाक. माझ्या मावसभावाच्या जिप्सीची गोची या दोन शब्दांतच झाली. जानापावकडच्या कच्च्या वाटेवर गाडीचं पोट दगडांना लागायचं, म्हणून त्याला ती दोन इंच उचलायची होती. तो म्हणाला, "कमान बढ़ा दो, भिया." कारागिराने कमानी वाढवली, म्हणजे पाट्यांच्या प्रत्येक जुडग्यात एकेक जादा पाटा घातला. गाडी जेमतेम अर्धा-पाऊण इंच उचलली गेली, पण कडक झाली, आणि मावशीने त्या दिवसापासून तिच्यात बसणं सोडलं.

बाक आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींमुळे गाडी वर येते, त्यामुळे लोक त्या एकच समजतात.

आकडे मांडले की फरक लगेच दिसतो. समजा एका चाकाच्या पाट्यांवर २०० किलो वजन आहे आणि दर ४० किलोला जुडगा एक सेंटिमीटर दबतो. मोकळ्या पाट्याचा बाक १२ सेंटिमीटर असेल, तर गाडी उभी असताना ५ दबून ७ उरतो. आता आपल्याला ५ सेंटिमीटर उंची हवी आहे. बाकच १७ केला, तर ५ दबून १२ उरतो आणि काम होतं. बाक १२ च ठेवून कडकपणा दुप्पट केला, तर पाटा अडीच सेंटिमीटर दबतो, म्हणजे हाती आली फक्त अडीचची उंची. पुरे ५ हवे असतील तर पाटा अजिबात दबता कामा नये. मग पाटा कशाला, रेल्वेच्या रुळाचा तुकडा लावा!

खरी किंमत मोजावी लागते ती वाटेवर. एक चाक खड्ड्यावर आलं की पाटा जेवढा दबलेला असतो तेवढाच ते चाक खाली ढकलतो. आपल्या उदाहरणात मूळ पाट्याला आणि बाक वाढवलेल्या पाट्यालाही हा हिशेब ५ सेंटिमीटरचा. दुप्पट कडक पाट्याला मात्र अडीचचा. त्यापुढे चाक हवेत. साध्या डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीची) गाडी असेल तर तेच चाक गरागरा फिरत बसतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत ही मजा मी पाहिली आहे. दोर लावून ओढायला चार माणसं पुरली नाहीत.

एका पाट्याने एवढा फरक कसा पडतो? पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. सहा मिलिमीटरच्या पाच पाट्यांत सहाचाच सहावा घातला तर कडकपणा पाचवा हिस्सा वाढतो. तो आखूड असला तर त्याहून कमी. पण मालट्रकच्या जुडग्यातला आठ मिलिमीटरचा पाटा घुसवला, तर तो एकटाच सहाच्या सव्वादोन पाट्यांहून जास्त काम करतो आणि जुडगा जवळजवळ दीडपट कडक होतो. भावाच्या गाडीत असाच जाड पाटा निघाला. जादा पाट्याला बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त बाक दिलेला असला तर काही उंची त्यातूनही मिळते, हे खरं. शिवाय पाटे जितके जास्त, तितकी आपसातली घासाघीस जास्त. गंजले की लहान खाचखळग्यांवर जुडगा हलतच नाही.

इथे आणखी एक गैरसमज: 'पॅराबोलिक' पाटा म्हणजे कमानीचा आकार पॅराबोला, असं बरेच जण समजतात. ते नाव बाकाला नाही, जाडीला आहे. मध्ये जाड आणि टोकांकडे त्या हिशेबाने पातळ होत गेलेले मोजकेच पाटे, तेही फक्त मध्ये आणि टोकांना एकमेकांना टेकणारे. त्यामुळे घर्षण कमी.

बाक वाढवण्यातही धोके आहेत. गॅसच्या ज्योतीने लाल करून पाटा वाकवणाऱ्याकडे जाऊ नये. स्प्रिंगचं पोलाद तेलात विझवून नंतर ठरावीक तापमानाला पाणी उतरवलेलं (टेम्पर केलेलं) असतं. ज्योत लागली की ते पाणी जातं आणि पाटा पुन्हा बसतो. थंड हातोड्याने दिलेला बाकही फार टिकत नाही, म्हणून माझं मत नवीन जुडग्याकडे झुकतं. बाक फार वाढवला तर शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा, कोन बिघडतो आणि गाडी वर असूनही हिसके देते. ब्रेकचा होज पुरतो का, शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जातो का, ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन किती झाला, हे तिन्ही बघावंच लागतं. लांब शॅकल लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की शॅकल ५ सेंटिमीटरने वाढवली तर ॲक्सलपाशी उंची निम्मीच मिळते.

जादा पाटा वाईट असतो असं नाही. महूहून बटाट्याची पोती भरून येणाऱ्या पिकअपला तोच लागतो, किंवा त्याहून बरा म्हणजे वजन आल्यावरच टेकणारा वेगळा हेल्पर पाटा. रिकाम्या गाडीला तो त्रास देत नाही.

आपल्या गाडीत काय केलंय ते दुकानातच कळतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, मग मागे चार माणसं बसवून पुन्हा मोजा. काम करण्याआधी दबायची तेवढीच दबली तर बाक वाढवलाय. त्याहून कमी दबली तर कडकपणा. भावाने जाड पाटे काढून जास्त बाकाचे जुडगे बसवले, तेव्हा मागे आम्ही चौघे बसलो आणि टेप पहिल्यासारखाच खाली आला. मावशी मात्र अजून पायीच जाते.