‘किंग’ ऑलिव्हर यांची अखेरची दहा वर्षे

न्यू ऑर्लिन्समधून शिकागोला आलेले, कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्याचे वादक जो ऑलिव्हर हे 1923 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकवृंदांचे अग्रणी मानले जात होते. ‘किंग’ ही पदवी त्यांना न्यू ऑर्लिन्समध्येच मिळाली होती. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात त्यांचा क्रिओल जॅझ बँड ऐकायला गर्दी लोटत असे, आणि 1922 मध्ये तार करून ज्याला त्यांनी आपल्या शेजारी दुसऱ्या कॉर्नेटवर बसवले, तो तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. आर्मस्ट्राँग त्यांना अखेरपर्यंत ‘पापा जो’ म्हणत राहिले. अशा माणसाचा 1938 मध्ये जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे दारिद्र्यात मृत्यू झाला.

या पडझडीचे खापर बहुतेक वेळा एका नकारावर फोडले जाते. 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबने दिलेले काम ऑलिव्हर यांनी मोबदला कमी वाटल्याने नाकारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथे ड्यूक एलिंग्टन यांचा वृंद रुजू झाला आणि रेडिओवरील प्रक्षेपणांमुळे त्यांचे नाव देशभर गेले. हकिगत खरी आहे, पण तिच्यावर इतका भार टाकणे मला पटत नाही. शिकागोत भरपूर कमावलेल्या वृंदप्रमुखाने आपल्या वादकांसाठी अधिक पैसे मागणे यात अविचार नव्हता. शिवाय तोवर खरे संकट त्यांच्या तोंडातच सुरू झाले होते.

ऑलिव्हर यांना हिरड्यांचा पायोरिया जडला होता. कॉर्नेटचे मुखपात्र ओठांवर दाबून धरावे लागते आणि त्या ओठांना आतून आधार असतो तो पुढच्या दातांचा. हिरड्या सुजल्या आणि दात हलू लागले की वरचे स्वर टिकत नाहीत, दाब वाढवावा तर वेदना असह्य होतात. पेला, वाटी, टोपी अशा वस्तू वाद्याच्या तोंडाशी धरून माणसाच्या आवाजासारखे सूर काढण्यात ऑलिव्हर यांचा हातखंडा होता. ‘डिपरमाउथ ब्लूज’मधले त्यांचे एकल वादन पुढे कितीतरी वादकांनी जसेच्या तसे पाठ केले. मात्र 1928 नंतर व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या अनेक ध्वनिमुद्रणांत मुख्य वादन त्यांचा भाचा डेव्ह नेल्सन किंवा इतर तरुण ट्रम्पेटवादक करतात, आणि स्वतः ऑलिव्हर थोडकेच ऐकू येतात. 1931 नंतर त्यांचे ध्वनिमुद्रण झालेच नाही.

त्यात मंदी आली. ज्या बँकेत त्यांची पुंजी होती ती बुडाली. दक्षिणेकडील राज्यांत जुनाट बसमधून फिरणे, बस बंद पडली की कार्यक्रम हातचा जाणे, मानधन न मिळालेल्या वादकांनी वृंद सोडणे, असे चक्र सुरू झाले. वंशभेदाच्या कायद्यांमुळे त्या भागात निवाऱ्याचीही भ्रांत असे.

अखेर सव्हानात त्यांनी भाजीफळे विकली आणि एका बिलियर्ड खोलीत झाडलोटीचे काम धरले. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात की सकाळी नऊला दार उघडायचे आणि मध्यरात्री बारा वाजता बंद करायचे. रक्तदाब वाढलेला, उपचारांना पैसे नाहीत, तरी न्यूयॉर्कच्या प्रवासभाड्यासाठी 1 डॉलर 60 सेंट साठवल्याचे ते कळवतात. या पत्रांत कुणाविषयी कडवटपणा नाही, आणि म्हणूनच ती वाचवत नाहीत. 1937 मध्ये दौऱ्यावर आलेल्या आर्मस्ट्राँग यांना ते भाजीच्या गाड्याशी भेटले. आर्मस्ट्राँग यांनी आणि वृंदातील ऑलिव्हर यांच्या जुन्या साथीदारांनी खिशात होते ते पैसे त्यांना दिले. पुढच्याच एप्रिलमध्ये ऑलिव्हर वारले. न्यूयॉर्कला परतण्याची त्यांची इच्छा बहिणीने दफनासाठी देह तिकडे आणवून पुरी केली.

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादनाचा शोध रसिकांनी याच सुमारास सुरू केला. त्या शोधात सापडलेले ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन हेही पुढचे दात गेल्यामुळे वादन सोडून बसले होते. चाहत्यांनी त्यांना कवळी आणि ट्रम्पेट मिळवून दिले आणि 1942 मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. हीच मदत ऑलिव्हर यांना पाच-सहा वर्षे आधी मिळायला हवी होती.