चावीतला रिमोट वेगळा, चावीतली चिप वेगळी

चावीवरचं बटण दाबलं आणि दार उघडलं नाही, की पहिला विचार हाच येतो: सेल उतरला, आता गाडी काही सुरू होत नाही. हा समज इतका पक्का असतो की माणसं गाडीपाशी ताटकळत मेकॅनिकची वाट बघत बसतात. तीच चावी दाराच्या कुलपात फिरवून आत बसले असते, तर गाडी नेहमीसारखी सुरू झाली असती. चावीच्या त्या प्लॅस्टिकच्या कवचात दोन निरनिराळी यंत्रं शेजारी-शेजारी बसलेली असतात. त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, आणि दोघांची काळजीही वेगवेगळी घ्यावी लागते.

रिमोटचं काम दारं उघडायचं आणि बंद करायचं. बटण दाबलं की तो रेडिओ लहरींवरून एक कोड पाठवतो. बऱ्याच देशांत ही फ्रिक्वेन्सी ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते, तर अमेरिका आणि जपानमध्ये ३१५. हा कोड दर वेळी बदलतो, त्यामुळे कुणी तो हवेतून पकडून पुन्हा पाठवला तरी गाडी तो सहसा स्वीकारत नाही. यासाठी वीज लागते, म्हणून आत सेल असतो. बहुतेक वेळा सीआर २०३२. या आकड्यातच माप दडलेलं आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. त्याच्या जागी २०२५ बसवला तर तो ०.७ मिलिमीटरने पातळ पडतो, पत्र्याला नीट टेकत नाही, आणि मग रिमोट कधी चालतो, कधी नाही.

चिपचं काम इंजिन सुरू होऊ द्यायचं की नाही, एवढंच. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी आत घातली की ते आपल्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज पुरवतं, चिप जागी होते, आपली ओळख सांगते आणि गाडीचा संगणक ती पडताळून पाहतो. ओळख पटली नाही तर इंजिन चालत नाही. याच व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. हा सगळा संवाद काही सेंटिमीटरच्या आतच होतो.

थोडक्यात, रिमोट गाडीतलं सामान सांभाळतो आणि चिप गाडी सांभाळते. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किआच्या अनेक गाड्या इमोबिलायझरशिवायच विकल्या गेल्या, आणि चोऱ्यांची लाट आल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर करावी लागली. त्यांतल्या कितीतरी गाड्यांची दारं रिमोटवर व्यवस्थित बंद होत होती. काच फोडून आत शिरलेल्या चोराला त्याने काहीच अडत नव्हतं.

हा फरक कळला नाही की नुकसान कसं होतं, ते माझ्या घरातच पाहिलं. चावीचं कवच तडकलं म्हणून भावाने नवं कवच आणलं. सर्किट, सेल, पातं सगळं नव्यात बसवलं आणि जुनं फेकून दिलं. दारं झकास उघडत होती, पण गाडी सुरू होईना. जुन्या कवचाच्या कोपऱ्यात, नखाहून लहान असा एक काळा चपटा तुकडा खाचेत अडकलेला होता. प्लॅस्टिकचाच भाग वाटावा असा. तीच चिप. कचऱ्याची पिशवी अजून घरात होती म्हणून ती सापडली. काही चाव्यांत चिप सर्किटवरच असते, काहींत अशी सुटी. कवच बदलण्याआधी जुनं कवच उजेडात धरून कोपरा न् कोपरा बघा.

चावी पाण्यात पडली, कपड्यांबरोबर धुतली गेली, तर सुटी चिप बहुधा वाचते, कारण ती काचेच्या कुपीत किंवा घट्ट आवरणात बंद असते. बिघडतो तो रिमोट. बटण दाबून बघायचा मोह आवरा, आधी सेल काढा, कवच उघडून हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. काढलेला सेल मुलांच्या हाताला लागू देऊ नका, हे मात्र अगदी कळकळीने सांगते: असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

चिप असलेल्या दोन चाव्या एकाच जुडग्यात ठेवू नका. दोन्ही एकदम उत्तर देऊ लागल्या तर काही गाड्या गोंधळतात आणि सुरू होत नाहीत. शिवाय जुडगा हरवला तर दोन्ही एकदम गेल्या.

चोरीच्या वाटाही वेगळ्या. साध्या रिमोटवर जॅमर वापरतात: तुम्ही बटण दाबता, लहर गाडीपर्यंत पोचत नाही, दार उघडंच राहतं. म्हणून इंडिकेटर लुकलुकले का ते पाहा आणि हँडल एकदा ओढून बघा. खिशातून न काढता चालणाऱ्या कीलेस चावीचा प्रश्न निराळा. ती गाडीच्या हाकेला आपणहून उत्तर देते. दोन चोर, एक घराच्या दाराशी आणि एक गाडीपाशी, ही हाक-उत्तर यंत्राने लांबवर पोचवतात आणि चावी जवळच असल्याचा भास गाडीला होतो. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये १० मॉडेलांवर हे करून दाखवलं, सगळी फसली. लहरी अडवणारी फॅराडे पिशवी लागते ती अशा चावीला. बटण दाबेपर्यंत गप्प बसणाऱ्या रिमोटला तिचा उपयोग नाही. पिशवीत चावी ठेवून गाडीपाशी उभे राहा आणि दार उघडून बघा. उघडलं तर पिशवी निकामी आहे.

कीलेस चावीचा सेल उतरला तरी घाबरू नका. आत दडवलेलं पातं दार उघडतं, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, अनेक गाड्यांत स्टार्ट बटणालाच, चावी टेकवली की तिच्यातली चिप बिनसेलाची ओळख पटवते.

चावी हरवलीच, तर नवी करून घेताना हरवलेल्या चावीची नोंद गाडीच्या संगणकातून पुसून घ्या. मग ती चावी कुणाला सापडली तरी त्या माणसाला गाडी सुरू करता येणार नाही. पातं मात्र दार उघडतच राहील, ते थांबवायचं तर कुलूपच बदलावं लागेल. जुनी गाडी विकत घेतानाही हेच करा: संगणकात किती चाव्यांची नोंद आहे ते तपासून घ्या, आणि हातात दोनच असताना तिथे तीन दिसल्या, तर तिसरी त्याच दिवशी पुसून टाका.