पार्श्वभूमी : थर्मोपिलीचे तीनशे, आणि त्यांच्या मागचे सातशे

लाल झगे, उघड्या छात्या, गोल ढाली आणि समोर पर्शियाचं अफाट सैन्य. २००७ साली जगभर गाजलेल्या '३००' या चित्रपटानं प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याच्या योद्ध्यांचं हे रूप एवढं पक्कं केलं की आज जिमच्या भिंतीवर, टी-शर्टवर तेच दिसतं. पावनखिंडीला 'महाराष्ट्राची थर्मोपिली' म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं आहे. पण तीनशे हा आकडा जितका प्रसिद्ध, तितकी त्यामागची हकीकत माहीत नाही, आणि याची मला खरोखर रुखरुख वाटते.

इ.स.पू. ४८०. पर्शियाचा सम्राट झर्क्सिस उत्तरेकडून ग्रीसमध्ये उतरला. दक्षिणेकडे जायचं तर थर्मोपिलीची वाट धरावी लागे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. अगदी चिंचोळ्या जागी एकच गाडी जेमतेम जाईल, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. गरम पाण्याचे झरे तिथे आजही आहेत आणि नावाचा अर्थही तोच, 'उष्ण दारं'. समुद्र मात्र गाळ साचून काही किलोमीटर मागे हटला आहे. तिथे उभं राहिलं तर खिंड शोधावी लागते.

स्पार्टात तेव्हा कार्निया हा धार्मिक उत्सव चालू होता, म्हणून सगळं सैन्य निघालं नाही. राजा लिओनिडासनं तीनशे जण निवडले, तेही ज्यांना मुलगे आहेत असेच, म्हणजे घराणं बुडू नये. पण खिंडीत ते एकटे नव्हते. हिरोडोटसनं गावागावाची यादी दिली आहे : टेगियाचे ५००, मँटिनियाचे ५००, कॉरिंथचे ४००, थीब्जचे ४००, फोकिसचे १०००. ग्रीक पुराणकथेत ट्रॉयवर चालून गेलेल्या राजा अगामेम्नॉनच्या मायसिनीतून फक्त ८० आले होते. आणि थेस्पिया नावाच्या लहानशा नगरातून ७००.

दोन दिवस त्यांनी वाट अडवून धरली. मग एफिआल्टिस नावाच्या स्थानिक माणसानं पर्शियनांना डोंगरामागची पायवाट दाखवली. चित्रपटात तो कुबड असलेला, स्पार्टानं नाकारलेला माणूस आहे. ही कल्पनेची भर आहे, हिरोडोटसकडे तसं काही नाही. वेढा पडणार हे कळल्यावर बहुतेक ग्रीक तुकड्या माघारी गेल्या. स्पार्टन राहिले, थीब्जच्या लोकांना ठेवून घेतलं, आणि थेस्पियाचे सातशे आपल्या मर्जीनं मागे थांबले. त्यांचा नायक डेमोफिलस. ते सगळे तिथेच पडले.

हिरोडोटस सांगतो की त्यानं तीनशेही जणांची नावं माहीत करून घेतली होती. त्यातल्या दोघांची गोष्ट मला कुठल्याही चित्रपटापेक्षा मोठी वाटते. युरिटस आणि अरिस्टोडेमस या दोघांचे डोळे आले होते, म्हणून लिओनिडासनं त्यांना छावणीतून परत पाठवलं होतं. शत्रू मागून येतोय हे ऐकताच युरिटसनं चिलखत मागवलं आणि आपल्या दासाला म्हणाला, मला लढाईत नेऊन सोड. दासानं त्याला हाताला धरून नेलं आणि स्वतः मात्र पळाला. युरिटस गर्दीत घुसून मेला. अरिस्टोडेमस घरी परतला. स्पार्टात त्याला कुणी विस्तव देईना, कुणी त्याच्याशी बोलेना. पुढच्या वर्षी पर्शियनांविरुद्धच झालेल्या प्लाटियाच्या लढाईत तो जिवावर उदार होऊन लढला आणि पडला. तरी त्याला मान मिळाला नाही, कारण त्याला मरायचंच होतं, असं स्पार्टनांचं म्हणणं.

या हकीकतीत एक दास आहे, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे असे दास करत, म्हणून तर स्पार्टन पुरुषांना आयुष्यभर युद्धाचाच सराव करता येई. 'स्वातंत्र्यासाठी लढलेले तीनशे' म्हणताना पडद्यावर हे येत नाही.

कथा पुढे कशी गेली? ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर सांगितला जाणारा दोन ओळींचा स्मृतिलेख आधी पाठ झाला : वाटसरूनं स्पार्टाला कळवावं, त्यांची आज्ञा पाळून आम्ही इथे पडलो आहोत. बाणांनी सूर्य झाकला तर सावलीत लढू, हे डायनेकीस या स्पार्टन योद्ध्याचं उत्तर हिरोडोटसमध्येच आहे. 'शस्त्रं हवीत? ये आणि घे' हे लिओनिडासचं वाक्य मात्र ग्रीक लेखक प्लुटार्कनं टिपलं, लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. आज ते अमेरिकेत बंदुकीच्या हक्काचा आग्रह धरणाऱ्यांचं घोषवाक्य झालं आहे. १८१४ साली फ्रेंच चित्रकार डेव्हिडनं लिओनिडासचं भव्य चित्र पुरं केलं. जानेवारी १९४३ मध्ये नाझी नेता गोअरिंगनं स्टालिनग्राडला अडकलेल्या जर्मन सैनिकांपुढे याच लढाईचा दाखला ठेवला, तोही सैनिकांनी मरावं म्हणून. १९६२ चा 'द ३०० स्पार्टन्स' लहानपणी पाहून भारावलेल्या फ्रँक मिलरनं १९९८ मध्ये कॉमिक काढलं आणि झॅक स्नायडरच्या '३००' चित्रपटानं त्यातल्या चौकटी जवळपास जशाच्या तशा पडद्यावर आणल्या. पर्शियनांना राक्षसासारखं रंगवलं म्हणून इराणनं निषेध केला. मला तो रास्त वाटतो.

थर्मोपिलीला लिओनिडासचा पुतळा १९५५ मध्ये उभा राहिला. थेस्पियाच्या सातशेंचं स्मारक शेजारी झालं ते १९९७ मध्ये. लढाईनंतर झर्क्सिसनं त्यांचं नगर जाळून टाकलं होतं. तरी वर्षभरानं प्लाटियाला थेस्पियाचे उरलेले अठराशे पुरुष हजर होते. अंगावर चिलखत नव्हतं, म्हणून त्यांना जड शस्त्रधाऱ्यांत मोजलं नाही, एवढं हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे.