जाहीरनामा व नोटीस (ब्रिटिश अमदानीतील नाशिक)

ब्रिटिश अमदानीत (१८१८–१९४७) नाशिक शहर व जिल्ह्यात रस्ते, टोल, सारा, पट्ट्या, लिलाव, भूसंपादन, साथीचे रोग इ. बाबी लोकांना कळाव्यात म्हणून कलेक्टर, मामलेदार, नगरपालिका व लोकल बोर्ड यांनी काढलेले लेखी वा तोंडी आदेश. लेखी आदेश कचेरीच्या भिंतीवर, चावडीवर किंवा नाक्यावर चिकटवला जाई. तोंडी आदेश दवंडीने फिरवला जाई. बहुतेक महत्त्वाच्या बाबींत दोन्ही एकदमच होत.

संज्ञा : ‘जाहीरनामा’ हा शब्द अरबी ‘जाहिर’ (उघड) आणि फार्सी ‘नामा’ (लेख) यांचा जोड आहे. ‘इस्तिहार’ हे अरबी ‘इश्तिहार’चे मराठी रूप, त्यात मूळचा अर्थ प्रसिद्धीचा. जुन्या कागदांत हे दोन्ही शब्द आलटून-पालटून येतात, तरी जाहीरनामा साधारणपणे वरिष्ठ अधिकाऱ्याचा व सर्वांना उद्देशून, तर इस्तिहार विशिष्ट कामापुरता, विशेषतः लिलावाचा, असा कल दिसतो. ‘नोटीस’ इंग्रजीतून आली आणि हळूहळू दोघांच्याही जागी बसली. खेड्यात ‘नोटीस आली’ म्हटले की ती एकट्या खातेदारावर आलेली समजतात, सर्वांसाठी असेल तर ‘लागली’ म्हणतात. क्रियापदातला हा भेद अजूनही पाळला जातो.

‘दवंडी’च्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एका मतानुसार संस्कृत ‘डिंडिम’ (एक चर्मवाद्य) या शब्दाशी तिचा संबंध आहे. दुसरे मत तेलुगू ‘दंडोरा’, कन्नड ‘डंगुर’ या शब्दांकडे बोट दाखवते. मराठीत ‘डांगोरा’ हा वेगळा शब्द आहेच, आणि तो कन्नड शब्दाला उघडच जवळचा आहे. हिंदीतील ‘ढिंढोरा’ व गुजरातीतील ‘ढंढेरो’ लक्षात घेता हा सगळा ध्वन्यनुकारी शब्दांचा गोतावळा असावा व वाद्याच्या आवाजावरूनच तो निरनिराळ्या भाषांत रुजला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रारंभ : पेशवाईच्या पाडावाच्या वेळी या मुलखाला उद्देशून निघालेला पहिला मोठा इंग्रजी जाहीरनामा दख्खनचा कमिशनर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यास काढलेला. वतने, इनामे, वर्षासने (दरसाल मिळणाऱ्या नेमणुका) आणि देवस्थाने चालू राहतील व वसुलाचा मक्ता बंद होईल, असे आश्वासन त्यात होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्री, जिथे पुष्कळ घरे वर्षासनांवर चालत, या कलमाचे मोल निराळे होते. सारावसुलीचा मक्ता गेला खरा. टोलनाक्यांच्या रूपाने मक्त्याची पद्धत पुढे इंग्रजी अमदानीतच परत आली आणि तिच्या लिलावाच्या नोटिसा वर्षानुवर्षे निघत राहिल्या.

ही प्रथा पेशवाईतून चालत आली की इंग्रजांनी आणली, याबद्दल दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाच्या मते कौल (अभयपत्रे), आज्ञापत्रे, ताकीदपत्रे आणि दवंडी ही सर्व साधने मराठी दफ्तरात पूर्वीपासून होती. इंग्रजांनी शिक्का तेवढा बदलला. दुसरा पक्ष या नोटिशीचे मूळ इंग्लंडमधील गॅझेटच्या (सरकारी राजपत्राच्या) प्रथेत पाहतो. मुंबईत १७९० च्या सुमारास निघालेल्या ‘बॉम्बे कुरिअर’मध्ये सरकारी जाहिराती येत व त्यात पुढे मोडी लिपीतला मराठी मजकूरही छापला जाऊ लागला, सरकारचे स्वतःचे गॅझेट सु. १८३१ पासून निघू लागले. मजकुराचा साचा, मायने आणि फिरवण्याची यंत्रणा जुनी आहे, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे मान्य करावे लागते. मात्र कौल किंवा ताकीदपत्र ज्याच्या नावे असे त्याच्या हाती पडायला हवे. कागद भिंतीला लागला की तो सर्वांना कळला असे कायद्याने धरायचे, ही कल्पना पेशवे दफ्तरातल्या पत्रव्यवहाराशी जुळत नाही. तेवढा भाग नवा मानणेच योग्य.

कोणत्या कचेरीतून : आजचा नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्यापूर्वी नाशिक, सिन्नर, दिंडोरी या भागांचा अंतिम हुकूम अहमदनगरच्या कलेक्टरचा, तर मालेगाव, नांदगाव, बागलाणचा खानदेशच्या, म्हणजे धुळ्याच्या कलेक्टरचा असे. नाशिकला मध्यंतरी सब-कलेक्टर होता. पेठ संस्थान १८७८ मध्ये खालसा होऊन तालुका झाले. जुने कागद शोधणाऱ्याची पहिली चूक इथेच होते : मालेगावची १८६० ची नोटीस तो नाशिकच्या दफ्तरात शोधत बसतो.

भाषा व लिपी : मूळ मसुदा बहुधा इंग्रजीत होई. मुंबई इलाख्याच्या (प्रांताच्या) पातळीवरील मजकुराचे भाषांतर मुंबईत ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’च्या कचेरीत होई (वेदांचे व्यासंगी शंकर पांडुरंग पंडित यांनी हे पद सांभाळले होते), तर जिल्ह्यातील किरकोळ नोटिसा कचेरीतले कारकूनच मराठीत उतरवत. त्यामुळे एकाच काळात दोन मराठी दिसतात. मुंबईची संस्कृतप्रचुर आणि वाक्याचा श्वास न सोडणारी. मामलेदार कचेरीची ‘सबब’, ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘बितपशील’, ‘कसूर न व्हावी’ अशा फार्सी वळणाची आणि तुलनेने आटोपशीर. दुसरीच लोकांना जास्त कळत असणार.

‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ ही रचना इंग्रजी कायद्याच्या भाषेतून जशीच्या तशी आली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. जो-तो, जेव्हा-तेव्हा अशी जोडवाक्ये मराठीची स्वतःचीच आहेत, आणि ‘ज्या अर्थी’ हा प्रयोगही घरचाच. इंग्रजीतून आली ती एका ‘ज्याअर्थी’खाली चार-पाच कारणे रचून हुकूम पानाच्या तळाशी टाकण्याची सवय. दवंडी देणारा नेमका तो तळचा भागच आधी सांगे.

लिपी दीर्घकाळ मोडी होती. शिळाछाप छपाई मुंबईत १८२० च्या दशकात आली आणि मोडीच्या नमुन्यांना ती सोयीची ठरली, कारण ठसे पाडण्याची गरज उरली नाही. पुढे बालबोध (देवनागरी) ठशांत छापलेले नमुने आणि मोकळ्या जागी शाईने मोडीत भरलेला तपशील, असा मिश्र कागद रूढ झाला. कारभारात मोडीऐवजी बालबोध लिपी वापरण्याचे धोरण मुंबई सरकारने १९१७ मध्ये स्वीकारले, तरी हाताला मोडीची सवय झालेल्या कारकुनांनी ती लगेच सोडली नाही. तारखेबाबत इसवी सनाबरोबर महसुली कागदांत फसली सन (पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होणारे महसुली वर्ष) येतो. दख्खनी फसली आकड्यात ५९० मिळवले की वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. इथे एका वर्षाची चूक अभ्यासूंकडूनही होते.

रस्ते व टोल : मुंबई-आग्रा रस्ता थळ घाटातून (कसारा घाट) नाशिक, चांदवड, मालेगाव असा धुळ्याकडे जातो. त्याची बांधणी व डागडुजी हा एकोणिसाव्या शतकातील नोटिसांचा मोठा विषय. खडी-मुरूम पुरवण्याचे ठेके, कडेच्या झाडांची तोड, पावसाळ्यात गाड्यांना बंदी, घाटातील वाहतूक असे त्यांचे विषय असत. १८६५ च्या आरंभी थळ घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाल्यावर या हमरस्त्याची रया काहीशी गेली आणि स्टेशनला जोडणाऱ्या आडरस्त्यांना महत्त्व आले.

टोल कायद्याने (१८५१) नाक्याजवळ ठळक जागी दरांचा तक्ता इंग्रजीत व जिल्ह्याच्या भाषेत लावणे सक्तीचे केले. टोल न देणाऱ्यास आणि ज्यादा घेणाऱ्यास होणारा दंडही त्याखाली लिहायचा होता. मुंबई इलाख्यापुरता स्वतंत्र कायदा १८७५ मध्ये झाला. ही तरतूद कागदावर न्याय्य दिसते. पण ओझ्याची बैलगाडी, रिकामी गाडी, टांगा, लादलेले जनावर अशा वर्गवारीत आपली गाडी कुठे बसते हे ठरवायला नाक्यावर मक्तेदाराचाच माणूस असे, आणि गाडीवानाला बहुधा अक्षरओळख नसे.

रस्त्यासाठी जमीन घ्यायची झाल्यास १८७० व नंतर १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार गॅझेटमधील अधिसूचनेखेरीज जागेवर जाहीर नोटीस देणे आवश्यक होते. हितसंबंधितांनी हजर राहण्याची तारीख नोटिशीपासून किमान १५ दिवसांनंतरची हवी, असे १८९४ चा कायदा सांगे.

सारा व पट्ट्या : रस्त्यांचा पैसा बराचसा ‘लोकल फंडा’तून येई. मुंबई इलाख्यात १८६३ पासून साऱ्याच्या रुपयामागे १ आणा जादा घेतला जाऊ लागला. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्का आधार मिळाला. त्यातील दोन तृतीयांश रस्ते आदी कामांना व एक तृतीयांश शाळांना जाई. १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली आणि ठेक्यांच्या नोटिसांवर त्यांची नावे झळकू लागली. १८४० च्या दशकात जिल्ह्यात सुरू झालेल्या मोजणीचे दर ३० वर्षांसाठी बांधलेले असल्याने १८७० च्या दशकात नव्या आकारणीच्या नोटिसा चावडीवर लागल्या.

नाशिकची नगरपालिका १८५० च्या कायद्याखाली १८६४ मध्ये स्थापन झाली. पुढे १८७३ व १९०१ चे जिल्हा नगरपालिका कायदे तिला लागू झाले. विशेष म्हणजे शहरातील जुने कर आणि मोहतर्फा (कारागीर व व्यापाऱ्यांवरील कर) इंग्रज सरकारनेच १८४४ च्या कायद्याने रद्द केले होते. वीस वर्षांनी नगरपालिकेच्या हातून जकात व घरपट्टीच्या रूपाने करांचा हा मार्ग पुन्हा उघडला. नवी पट्टी बसवण्याआधी नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवणे, आणि घरांच्या आकारणीची यादी पाहण्यासाठी खुली ठेवणे, हे कायद्याने बंधनकारक होते.

प्रसिद्धीची रीत : १८७९ च्या जमीन महसूल संहितेत थकबाकीदाराच्या स्थावर मालमत्तेच्या लिलावाची रीत बारकाईने दिली आहे. जाहीरनामा जिल्ह्याच्या भाषेत हवा. तो तालुक्याच्या ठाण्यात व मिळकत असलेल्या गावात वाद्य वाजवून पुकारायचा. लेखी नोटीस चार ठिकाणी लावायची : कलेक्टर कचेरी, मामलेदार वा महालकरी कचेरी, गावची चावडी आणि थकबाकीदाराचे राहते घर. नोटीस लागल्यापासून स्थावरासाठी किमान ३० व जंगमासाठी ७ दिवस गेल्याशिवाय लिलाव होऊ शकत नसे. रविवारी व सार्वजनिक सुटीला तर नाहीच.

या चार जागांपैकी एकीवरही कागद लागला नाही, तर लिलाव अडचणीत येऊ शकतो. म्हणून कागद लावणाऱ्या शिपायाबरोबर दोन पंच असत आणि ‘आम्हा पंचांसमक्ष चिकटविली’ अशा अर्थाचा पंचनामा होई. थकबाकीदार दार लावून बसला, तर कागद दाराच्या चौकटीला किंवा फळीला डकवायचा. गव्हाच्या पिठाची खळ कागदाच्या मागे चारी कडांना आणि मध्ये एक फराटा अशी लावत. पहिल्या पावसात कागद सुटे, किंवा त्याआधीच खळीच्या वासाने शेळी तो खाई. पंचनामा झालेला असल्याने कायद्याच्या दृष्टीने दोन्हींनी काही बिघडत नसे.

फौजदारी बाजू वेगळी होती. सरकारी अधिकाऱ्याने जाहीर केलेला हुकूम मोडल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम १८८ खाली शिक्षा करायची, तर आरोपीला तो हुकूम माहीत होता हे दाखवावे लागे. भिंतीवरचा कागद एवढ्याने भागत नसे. त्यामुळे प्लेगच्या काळात दवंडीचे मोल वाढले. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला जाहीर नोटिशीद्वारे तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दिला व भंगाची शिक्षा याच कलम १८८ वर सोपवली.

दवंडी आणि वतन : खेड्यात दवंडी देणे, टपाल पोचवणे, नोटीस बजावणाऱ्या शिपायाला घर दाखवणे ही कामे महार वतनदारांकडे होती. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन कायम ठेवले. सरकारी कामाला वेळकाळ नसे, मोबदला मात्र वतनाच्या तुटपुंज्या जमिनीत आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरच्या बलुत्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा कायदा बदलण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने. ब्रिटिश नोटिशींच्या प्रसाराची यंत्रणा स्वस्त होती असे प्रशासकीय लेखनात कौतुकाने म्हटले जाते. ती कोणाच्या जिवावर स्वस्त होती, हे त्यासोबत सांगायला हवे.

अवशेष : १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत लिलावाच्या नोटिशीची वरील रीत बहुतांशी तशीच आहे. चिकटवलेली प्रत अर्थातच भिंतीबरोबर जाते. दफ्तरात राहते ती कार्यालयीन प्रत, आणि तिच्या पाठीवर शिपायाचा शेरा : कुठे लावली, केव्हा, पंच कोण. शेऱ्याखाली पंचांच्या सह्यांच्या जागी पुष्कळदा डाव्या अंगठ्याचे ठसे असतात.