ब्लॅक कॉमेडी आणि कॉमिक रिलीफ: हशा तोच, काम वेगळं

'मॅकबेथ'मध्ये राजाच्या खुनानंतर झिंगलेला दारवान बडबडत येतो. प्रेक्षक हसतो, ताण सैल होतो, नाटक पुढे सरकतं. हा कॉमिक रिलीफ. घाव आधी बसलेला असतो, विनोद मागून येतो.

ब्लॅक कॉमेडीत, म्हणजे भयंकर गोष्टीतूनच निघणाऱ्या विनोदात, क्रम उलटा: हशा आधी, घाव नंतर. अमेरिकी नाटककार पॉला व्होगल यांचं 'हाउ आय लर्न्ड टू ड्राइव्ह' हे नाटक पाहा (न्यूयॉर्क, 1997, पुलित्झर पुरस्कार 1998). 1960च्या दशकातलं मेरिलँड. लिल बिट ही मुलगी आणि लग्नाने नात्यात आलेला अंकल पेक. जेवणाच्या टेबलावर आजोबा तिच्या छातीवरून टोमणे मारतात, घर खिदळतं, आपणही हसतो. ती उठून जाते. तिची समजूत काढायला येतो तो पेक, आणि तोच तिच्यावर अत्याचार करणारा. टेबलावरच्या हशामुळेच तो आपल्याला घरातला एकमेव भला माणूस वाटू लागतो. जाळं विणलं जातं ते असं, आणि त्यात प्रेक्षकही अडकतो.

बसवताना घोळ इथेच होतो. आजी-आजोबा-आई साकारणाऱ्या कोरसला, म्हणजे आलटूनपालटून भूमिका करणाऱ्या नटसमूहाला, 'जरा हलकंफुलकं करा' म्हटलं की ते अर्कचित्रं होतात. मग त्या घराची भीती वाटत नाही. दुसरी चूक पेकची. तो पहिल्या प्रवेशापासून लंपट दिसला तर नाटक तिथेच संपलं. टोमण्यानंतर हशा ओसरायची वाट पाहत थांबू नये. लिल बिटचं पुढचं वाक्य हशातच पडू द्यावं. प्रकाशही उजळू नये, नाहीतर प्रेक्षकाला मोकळीक मिळते.

व्होगल यांनी सर्वांत जुनी घटना, 1962ची, जवळजवळ शेवटी ठेवली आहे. तेव्हा लिल बिट अकरा वर्षांची. शरीर लिल बिट साकारणाऱ्या प्रौढ अभिनेत्रीचं, संवाद मात्र कोरसमधल्या तरुण नटीच्या तोंडी. ही नटी सज्ञान, एकवीस ते पंचवीसची, पण लहान दिसू शकणारी हवी, असं संहितेतच सुचवलंय. खरंच कोवळी मुलगी घेतली तर प्रेक्षक नाटक सोडून तिचीच काळजी करत बसतो.

फरक ओळखायचा असेल तर तालमीत विनोद गाळून प्रवेश वाचा. नुसता वेग मंदावला, तर तो रिलीफ होता. पेकवर विश्वास का बसला हेच कळेनासं झालं, तर ती ब्लॅक कॉमेडी. तिथे एक ओळही कापू नका.