पाठचं येतंय!

थोरली २२ महिन्यांची असताना एका आठवड्यात तिने घर डोक्यावर घेतलं. दूध प्यायला यायची, दोन घोट घेऊन तोंड फिरवायची, रडायची, पुन्हा यायची. दाढा येत असतील, असं मी म्हणत होते. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "अगं, पाठचं येतंय का बघ." दोन दिवसांनी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा.

मला तेव्हा हा चमत्कार वाटला, पण यात चवीचा भाग असू शकतो. दिवस गेले की रक्तातली प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं चढत जातात आणि दूध बनवणाऱ्या पेशींना लगाम बसतो. दूध आटतं, त्यातली दुग्धशर्करा घटते, सोडियम वाढतं. गोड दूध थोडं खारट होतं, आणि पुढच्या महिन्यांत चिकाकडे वळतं. अंगावर पिणाऱ्या मुलाला हा बदल आईच्या आधी कळला तर नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या किरकिरी पोरं पाहिलेल्या बायकांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता, इतकंच.

पोटुशीचं दूध बाधतं, ही समजूत मात्र खरी नाही. अंगावर पाजल्याने कळा सुरू होतील ही भीतीही सहसा फोल असते. पाजताना ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं संप्रेरक सुटतं खरं, पण ते पकडणारे रिसेप्टर गर्भाशयात शेवटच्या आठवड्यांपर्यंत फारसे नसतात. रक्तस्राव होत असेल किंवा आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारायचंच. खरा धोका दुधाचा नाही, दूध तुटल्यावर ताटात काय येतं याचा आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, मुलांच्या कुपोषणाच्या आजाराला तिथल्या गा भाषेतलं नाव दिलं: क्वाशिओरकोर. पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. मूल आईच्या दुधावरून थेट नुसत्या पिठाच्या पेजेवर यायचं आणि सुजायचं. या आजाराची कारणं पुढे बरीच गुंतागुंतीची निघाली, पण निरीक्षण पुन्हा घरातल्या बायांचंच होतं.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहू देण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचं गणित थोडक्यात चुकलं. या अंतरामागचं एक कारण लोह. एका गरोदरपणाला सगळं मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. आईचं वाढलेलं रक्त, बाळ आणि वार यांत ते जातं. ही तूट भरायच्या आत दुसरी खेप आली तर आई रिकाम्या खजिन्यावर संसार चालवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती कटिंग चहाबरोबर घेऊ नये, चहातली द्रव्यं लोह अडवतात. लिंबूपाण्याबरोबर ती चांगली अंगी लागते.

थोरलीचं वजन तेव्हा १२ किलोच्या आसपास. लोकल गाठायला दादरचा पूल चढायचा, एका हातात पिशवी, कडेवर ही. (गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, पण डब्यापर्यंत पोचायला पूल आहेच.) पोट पुढे आलं की तोल पुढे जातो, तो सावरायला आपण कमरेतून मागे झुकतो. २००७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसलं की कमरेचा हा बाक बाईत तीन मणक्यांवर पसरलेला असतो, पुरुषात दोनच. पोट सांभाळत चालण्यासाठी झालेली ही लाखो वर्षांची डागडुजी. त्यात कडेवरचे १२ किलो मात्र धरलेले नसावेत! वाकून उचलण्यापेक्षा बसून, मुलाला छातीशी धरून उठावं. आणि बसल्या जागी मांडीवर घेण्याची सवय लावावी.

उष्ट्याचंही सांगायला हवं. पोराच्या ताटातला उरलेला वरणभात आईच्याच पोटात जातो. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू महिनोन्‌महिने बाहेर पडू शकतो, आणि तो क्वचित पोटातल्या बाळाला बाधतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना तो आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे फार घाबरायचं कारण नाही. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत आणि उष्टा घास टाळावा, बस्स.

पहिलटकरणीला सगळं नवं असतं. दुसऱ्या खेपेला शरीराला वाट माहीत असते. पोट लवकर दिसतं, कारण पोटाचे स्नायू एकदा ताणलेले असतात. बाळाची हालचाल दोनेक आठवडे आधी जाणवते. प्रसूती सहसा लवकर आटोपते, पण नंतर गर्भाशय आवळताना येणाऱ्या कळा जास्त दुखतात.

रक्ताची आठवण तर याहून पक्की. बाळाचे निम्मे गुण बापाकडचे, म्हणजे आईच्या प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने परके. २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की पहिल्या गरोदरपणात तयार झालेल्या, या परक्याला सांभाळून घेणाऱ्या पेशी बाळंतपणानंतरही टिकतात आणि पुढच्या खेपेला झपाट्याने वाढतात. प्री-एक्लॅम्प्सिया हा रक्तदाबाचा धोकादायक विकार पहिल्या खेपेला जास्त का आढळतो, याचा एक धागा इथे असावा. धनुर्वाताच्या लशीचंही तसंच. पहिल्या वेळी दोन टोचण्या घेतल्या असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर एकच बूस्टर पुरतो. ही आठवण दरवेळी भल्याची नसते. आर-एच निगेटिव्ह आईचं रक्त पहिल्या बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं आणि दुसऱ्यावर उठतं. म्हणून पहिल्या प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी हे ती आठवण बनू न देणारं इंजेक्शन टोचतात.

आणि थोरलं पूर्णपणे बाहेर येतही नाही. वारेतून त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि तिथेच मुक्काम करतात. संशोधक डायना बियांकी आणि सहकाऱ्यांना १९९६ साली एका आईच्या रक्तात २७ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातल्या पेशी सापडल्या. त्यांनी शोधलं होतं पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र. ते आईचं असूच शकत नाही, म्हणून मुलाची पेशी चटकन ओळखू येते. माझी थोरली मुलगी आहे. तिच्या पेशी माझ्यात असल्याच, तर तशा सहजासहजी ओळखू येणार नाहीत.